विमान पडलं तर सुटले, पण ती रडली तर?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. लहान मुलाला घेऊन विमानाने जायचंय, ते रडलं तर काय करायचं? पुण्यात घरटी कुणी ना कुणी परदेशात, त्यामुळे नातवंडांची ने-आण चालूच असते. बहुतेकांचं दोन-चार व्यवहाराच्या गोष्टींवर भागतं. एका आईचं भागलं नाही, म्हणून लिहितेय. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव मुद्दाम देत नाही.

कोथरूडला राहणारी, तिशीतली. थोरला चार वर्षांचा, धाकटी सव्वा वर्षाची. नवरा नोकरीसाठी स्टुटगार्टला पुढे गेलेला. हिने दोन्ही मुलांना घेऊन एकटीने मुंबई-फ्रँकफर्ट गाठायचं होतं, नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण. तिकीट दोनदा पुढे ढकलून झालं होतं.

"मॅडम, मला विमानाची भीती बसलीय," ती म्हणाली.

"पडेल याची?"

"छे हो. पडलं तर सुटलेच. उतरायच्या आधी धाकटी रडायला लागली तर, याची."

आठ महिन्यांपूर्वी दिल्लीहून पुण्याला येताना तसं घडलं होतं. लोहगाव जवळ आलं तशी धाकटीने जी किंकाळी फोडली ती चाकं टेकेपर्यंत. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "पोरं सांभाळता येत नसतील तर घरी बसावं." मराठीत म्हणाले. हिंदीत म्हणाले असते तर एवढं लागलं नसतं, असं ती म्हणाली, आणि मला ते पटलं. तेव्हापासून रात्री तिला ते वाक्य ऐकू यायचं. नवरा व्हिडिओ कॉलवर सांगायचा, "अगं, लहान मुलंच ती, रडणारच." त्याचं खरंच होतं. उपयोग मात्र शून्य.

पहिल्या भेटीत मी चुकले. भीती म्हटली की श्वासाचा व्यायाम, या सवयीने मी तिला पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. पुढच्या आठवड्यात ती आली आणि म्हणाली, "मॅडम, एका कडेवर धाकटी, दुसऱ्या हाताला थोरला. पोटावर कुठला हात ठेवू?" तो व्यायाम मी तिथेच सोडून दिला.

मग आम्ही त्या अर्ध्या तासाकडे नीट बघितलं. तिची समजूत अशी, की आपण मुलीला लाडावून ठेवलंय, शिस्त नाही, म्हणून ती रडली. मी विचारलं, "घाट उतरताना तुमच्या कानांना दडे बसतात का?" बसतात म्हणाली. विमानात तेच होतं, जरा जास्त. विमान कितीही उंच गेलं तरी आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढा राखतात, म्हणजे साधारण उटी-सिमल्याला असतो तसा. खाली येताना तो वाढत जातो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. कानातून घशाकडे जाणारी बारीक नळी उघडली की दाब सारखा होतो, आणि ती उघडते गिळताना किंवा जांभई देताना. लहान मुलांची ही नळी अरुंद असते, आपल्यापेक्षा आडवीही असते, आणि मुद्दाम गिळायला हवं हे त्यांना कुठलं कळायला?

"त्या दिवशी दूध कधी पाजलं होतं?"

"विमान वर चढताना. मग ती झोपली. बरं झालं म्हणून मी उठवलंच नाही."

झोपेत गिळणं कमी होतं. विमान खाली येऊ लागतं ते चाकं टेकायच्या चांगलं अर्धा तास आधी. म्हणजे ज्या वेळी पाजायला हवं होतं, नेमकी त्याच वेळी पोर गाढ झोपलेली, आणि जागी झाली ती कान ठणकत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तिचं दुखत होतं. आणि मी तिला दटावत होते." हे ऐकून तिला हलकं वाटेल असा माझा अंदाज होता. आधी ती रडली. हलकं नंतर वाटलं.

(सर्दी झाली असेल किंवा कान फुटलेला असेल, तर प्रवासाआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच. हे मी प्रत्येकाला सांगते, तिलाही सांगितलं.)

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. कारण कळलं, उपाय कळला. तरी तिकीट काही निघेना. मग मी तिला एक काम दिलं. संध्याकाळी सहाला कोथरूड डेपोवरून पुणे स्टेशनची बस पकडायची, दोन्ही मुलांना घेऊन. तिने माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं, पण गेली. डेक्कनच्या आसपास धाकटीने अपेक्षेप्रमाणे गळा काढला. एका मावशींनी किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला, दुसऱ्या म्हणाल्या, "उकडतंय तिला, टोपी काढ आधी," आणि कंडक्टरने एका कॉलेजच्या मुलाला उठवून हिला जागा करून दिली.

"लाज वाटली का?" मी विचारलं.

"नाही." जरा थांबून, "बस काय, आपलीच असते ना."

"आणि विमान?"

यावर तिने जे सांगितलं ते मला शिकवून गेलं. ती मूळची साताऱ्याकडची. लहानपणी पुण्याचा प्रवास एसटीने. खंबाटकी घाटात ही हमखास उलटी करायची आणि आई पिशवी धरून बसायची. आईने कधी कुणाची माफी मागितली नाही, आजूबाजूच्यांनीही कधी तोंड वाकडं केलं नाही, उलट कुणीतरी लिंबू काढून द्यायचं. विमानात ती पहिल्यांदा बसली नोकरी लागल्यावर. "अजूनही मी तिथे पाहुण्यासारखी बसते, मॅडम. कुणाच्या तरी दिवाणखान्यात आपलं पोर सांडलवंड करतंय, असं वाटत राहतं." तिकिटाचे पैसे सगळ्यांइतकेच भरून हे वाटणं! त्या गृहस्थांनी तिला नवं काही सांगितलंच नव्हतं. ती मनात जे पुटपुटत होती, तेच ते मोठ्याने बोलले.

दरम्यान सासूबाईंचा उपाय तयार होता. सर्दीच्या औषधाचा एक चमचा, म्हणजे पोर फ्रँकफर्टपर्यंत हूं की चूं करणार नाही. हेतू चांगला होता, पण मी स्पष्ट नको म्हणाले. झोप यावी म्हणून परस्पर औषध द्यायचं नाही. काही मुलांवर त्याचा उलटा परिणाम होतो, ती झोपण्याऐवजी जास्तच उधळतात. तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आपल्याकडे पूर्वी कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देत. नाइलाज होता त्यांचा. हिला कसला नाइलाज?

दुसरी टूम तिने मोबाइलवर कुठेतरी बघितली होती. शेजारच्या प्रवाशांना कानातले बोळे, चॉकलेट आणि "माझ्या बाळाला माफ करा" अशी चिठ्ठी घालून पुड्या वाटायच्या. तीस करू का चाळीस, असं विचारत होती. मी म्हटलं, "हळदीकुंकवाचं वाण आहे का हे?" कुणी हौसेने करत असेल तर करू दे. पण गुन्हा घडायच्या आधीच माफी मागायची ही सवय तिला नवीन नव्हती, आणि मला तीच मोडायची होती.

त्याऐवजी आम्ही एक वाक्य तयार केलं. "तिचे कान दुखतायत, उतरताना होतं, थोडा वेळ चालेल." बस्स. मी खुर्ची पुढे ओढून ते गृहस्थ झाले आणि मागे वळून वळून तिला टोमणे मारले. पहिल्या तीन खेपांना वाक्याच्या शेवटी "सॉरी हं" आलंच. चौथ्या खेपेला ओठापर्यंत येऊन परत गेलं. सातव्या खेपेला ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही फारच खडूस करताय," आणि हसली. तिकीट त्या आठवड्यात निघालं.

बाकी तयारी तिची तिने केली. थोरल्याने घरातल्या खुर्च्यांची रांग लावून आठवडाभर विमान चालवलं आणि आजीला पट्टा बांधायला लावला. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, त्याला जास्तीचा छोटा पट्टा मिळतो. विमानात समोरच्या भिंतीला अडकवतात त्या बाळाच्या पाळण्याची जागा तिने फोन करून आधीच मागून ठेवली, तरी झटके बसून पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला त्यातून उचलून घ्यावं लागतं. थोरला शेजारच्याच जागेवर येईल ना, ही तिला वेगळी धास्ती होती. देशातल्या विमान कंपन्यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2024 मध्येच सांगितलंय, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच आरक्षणावरच्या पालकाशेजारी बसवा. तरीही जागा आधी निवडून ठेव म्हटलं. मुलांचे जास्तीचे कपडे सगळ्याच आया घेतात. स्वतःचा एक कुडता हातातल्या बॅगेत ठेव, असंही मी सांगितलं.

मुंबईला जाताना बोरघाटात तिने रंगीत तालीम केली. खंडाळ्याहून खाली उतरताना धाकटीला घोट घोट पाणी पाजत राहिली.

पाच दिवसांनी तिचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला. उतरताना धाकटी बाटली चोखत शांत होती. रडली ती मधेच, रात्री, काही कारण नसताना, चाळीस मिनिटं. तेवढ्यात थोरला तिच्या अंगावर ओकला, आणि कुडता मोठ्या बॅगेत, विमानाच्या पोटात. हवाई सुंदरीने दिलेली शाल गुंडाळून ती फ्रँकफर्टला उतरली.

"एक बाई उठून मागच्या रांगेत जाऊन बसल्या," ती सांगत होती. "वाक्य म्हणायला वेळच मिळाला नाही. वाईट वाटलं मला. पाचेक मिनिटं वाटलं असेल. मग थोरल्याला पुसायचं होतं."

दिल्लीच्या त्या एका वाक्याने आठ महिने घेतले होते.

परतीचं तिकीट दिवाळीचं आहे. या वेळी पाळणा नको म्हणाली, धाकटीचे पाय बाहेर येतील तोवर.