तुमची आवडती कव्हर गाणी कोणती, आणि ती जमतात कशामुळे?

कव्हर म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्यानं नव्यानं गायलेलं. पहिलं नाव लगेच सांगतो: अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिननं 1967 साली गायलेलं 'रिस्पेक्ट'. मूळ गाणं उत्तम असताना तेच दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावं, असंही तुम्ही विचारलंय. माझं उत्तर असं की जमलेल्या कव्हरमध्ये गाण्यातला 'मी' बदलतो. शब्द जवळपास तेच, चालही बरीचशी तीच, पण ते कोण बोलतंय आणि कुणाला, हे बदललेलं असतं. लय, वाद्यं, ठेहराव यांतले बदल त्यामागून येतात. ते आधी ठरवले आणि बोलणारा माणूस तोच ठेवला, तर नवं गाणं नीटनेटकं होतं, पण मला लागत नाही.

'रिस्पेक्ट' गायक ओटिस रेडिंगनं लिहिलं आणि 1965 मध्ये गायलं. त्याच्या गाण्यातला पुरुष बायकोला सांगतोय की माझी सगळी कमाई तुझ्या हातात ठेवतो, घरी आल्यावर थोडा मान दे, एवढंच मागणं आहे. अरीथानं हेच गाणं घरात असलेल्या बाईच्या तोंडी दिलं. आता घरी येणारा तो आहे आणि मान मागणारी ती. तिच्याकडे स्वतःचा पैसाही आहे, आणि ती ते गाण्यात ठणकावून सांगते. सर्वनामं आणि दोन-चार ओळी इकडच्या तिकडे झाल्या, पण ओटिसच्या गाण्यात जी विनवणी होती तिची इथे मागणी झाली.

संगीतात काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. इंग्रजी स्पेलिंगमधलं एकेक अक्षर सुटं करून म्हणण्याची ती प्रसिद्ध जागा मूळ गाण्यात नाहीच. ती अरीथाची. मागे तिच्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, तिला दुजोरा देत गातात, त्यामुळे ती एकटी बोलत नाही, तिच्या बाजूनं घरातल्या बायका उभ्या आहेत असं वाटतं. ओटिसच्या गाण्यात मधला वेगळा तुकडा नव्हता. इथे सॅम अँड डेव्ह या गायकजोडीच्या एका गाण्यातली कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) रचना घेऊन त्यावर किंग कर्टिसचा सॅक्सोफोन बसवला. ती जागा मला फार आवडते, कारण गाणं क्षणभर दुसऱ्याच पट्टीत जाऊन परत येतं आणि आल्याबरोबर ती अक्षरं सुरू होतात. त्या वर्षी हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि नागरी हक्कांच्या व स्त्रियांच्या चळवळीनं ते आपलं म्हटलं. जून 1967 मध्ये अमेरिकेतल्या माँटेरीच्या संगीत महोत्सवात ओटिसनं स्वतः श्रोत्यांना सांगितलं की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून नेलं. तरीही त्यानं ते तिथे झोकात गायलं. त्याच डिसेंबरात विमान अपघातात तो गेला.

दुसरं, जॉनी कॅशचं 'हर्ट'. मूळ ट्रेंट रेझ्नरचं, त्याच्या नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या 1994 च्या अल्बममधलं. रेझ्नर तेव्हा तिशीच्याही आत होता. त्याचं गाणं जवळपास कुजबुजीत सुरू होतं, सूर मुद्दाम खटकतील असे ठेवलेत आणि शेवटी कर्कश आवाजाचा लोट अंगावर येतो. स्वतःला इजा करून घेणाऱ्या तरुणाचा तो 'मी'. कॅशनं 2002 मध्ये ते गायलं तेव्हा तो सत्तरीचा होता, आजारी होता, आणि आवाजाला कंप आला होता. निर्माता रिक रुबिननं तो कंप झाकला नाही. गिटार, आणि एकाच सुरावर ठोके देत चढत जाणारा पियानो. शब्दांतला बदल म्हणजे मूळ मुकुटाच्या ओळीतली शिवी गेली आणि तिथे काट्यांचा मुकुट आला. श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तेच शोभतं. सगळं गमावल्याची जी भाषा तरुणाच्या तोंडी भविष्यवाणीसारखी वाटत होती, तीच म्हाताऱ्याच्या तोंडी झाल्या आयुष्याचा हिशेब झाली. मार्क रोमानेकनं दिग्दर्शित केलेल्या या गाण्याच्या व्हिडिओत कॅशची पत्नी जून जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे बघते. मे 2003 मध्ये ती गेली, सप्टेंबरात तो. व्हिडिओ पाहिल्यावर रेझ्नरनंच म्हटलं की हे गाणं आता माझं राहिलं नाही.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' (1968) सगळेच सांगतील, म्हणून थोडक्यात. बॉब डिलनच्या मूळ गाण्यात माणूस शांतपणे गोष्ट सांगतो. हेंड्रिक्समध्ये तो गोष्टीतल्या वादळातच उभा आहे. पुढे डिलन स्वतः हे गाणं हेंड्रिक्सच्या वळणानं वाजवू लागला. व्हिटनी ह्यूस्टनच्या 'आय विल ऑलवेज लव्ह यू' (1992) बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मूळ गायिका डॉली पार्टननं ते पोर्टर वॅगनर या आपल्या सहकाऱ्याचा निरोप घेताना लिहिलं होतं. व्हिटनीचा सुरुवातीचा, एकही वाद्य नसलेला तुकडा त्या निरोपाइतकाच खरा आहे. नंतर सूर वर चढत जातो तसतशी ती निरोप घेणारी बाई मला दिसेनाशी होते, आवाजाची ताकद तेवढी उरते.

आपल्याकडे 'कव्हर व्हर्जन' म्हटलं की अनेकांना 1980-90 च्या दशकांतल्या टी-सिरीजच्या कॅसेट आठवतात, जुन्या हिंदी गाण्यांच्या, नव्या आवाजांतल्या. त्या स्वस्त होत्या आणि त्यांनी गाणी घरोघर नेली, हे मोठंच काम. पण बहुतेक ठिकाणी तोच ठेका, त्याच हरकती. यात कायद्याचाही हात आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात आधीपासून अशी सोय होती, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर कलम 31-सी प्रमाणे मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटली की आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन कव्हर काढता येतं. मात्र शब्दांत किंवा चालीत असा बदल करता येत नाही, जो तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नाही किंवा मालकाच्या संमतीनं आधी झालेला नाही. अमेरिकेत मूळ चाल सांभाळून आपल्या शैलीला साजेशी मांडणी करायला कायद्यानंच मोकळीक आहे. म्हणजे आपल्याकडे परवानगी न मागता हुबेहूब गाता येतं, वेगळं गायचं तर परवानगी लागते. अरीथासारखं धाडस करणाऱ्याला हे अवघड आहे, आणि मला ते मनापासून खटकतं.

तरीही माझ्या यादीत सगळ्यात वरच्या जागी मराठी नाव आहे: कुमार गंधर्वांचं 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्याला कुणी कव्हर म्हणत नाही, पण आहे ते तेच, एका गायकानं दुसऱ्याची पदं निवडून आपल्या गळ्यातून मांडलेली. कुमार लहानपणी गाजले ते मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून त्या जशाच्या तशा म्हणून दाखवण्यासाठी. म्हणजे बालगंधर्वांची नक्कल त्यांना सहज जमली असती. पुढे क्षयानं काही वर्षं गाणं बंद पडलं, आणि देवासला त्या आजारातून उठल्यावर त्यांचं गाणं छोट्या, टोकदार सुरावटींचं आणि मध्ये जागा सोडणारं झालं. बालगंधर्वांचं गाणं नेमकं उलट, श्वास कुठे घेतला ते कळू न देता ओघानं जाणारं, पदाची ओळ पुन्हा पुन्हा नव्या वाटेनं समेवर आणणारं. ते रुक्मिणी, भामिनी, सिंधू होऊन गात होते, शालू नेसून, समोरच्या पात्राकडे बघत. कुमारांकडे ना भूमिका, ना समोरचं पात्र. तंबोऱ्यांमध्ये बसून ते पद गातात तेव्हा नायिका नायकाशी बोलत नाही. एक गवई आपल्याला दाखवत असतो की बघा, या माणसानं हा सूर इथे कसा ठेवला होता. लाडिकपणा गेला, पण लडिवाळपणा मात्र सुरांत शिल्लक राहिला. ज्यांना बालगंधर्व प्रत्यक्ष ऐकायला मिळाले त्यांना हे कोरडं वाटू शकतं, आणि त्यांची बाजू मला कळते. मला मात्र जुन्या तबकड्यांतल्या खरखरीत न ऐकू आलेल्या जागा कुमारांमुळे सापडल्या, आणि मग त्या तबकड्यांकडे मी पुन्हा वळलो.

आणखी एक उदाहरण देतो. ते कव्हर नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच्याइतकं स्पष्ट कुठे मिळणार नाही. 'कट्यार काळजात घुसली' (1967) या नाटकात पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'घेई छंद मकरंद' हे पद जितेंद्र अभिषेकींनी दोनदा बांधलं. नाटकातल्या दोन प्रतिस्पर्धी गवयांपैकी पंडितजींसाठी (प्रसाद सावकार) सालगवराळी रागात, खाँसाहेबांसाठी (वसंतराव देशपांडे) धानी रागात. शब्द तेच, भुंगा आणि मकरंदाचे. पंडितजींचा भुंगा फुलात रमलाय, खाँसाहेबांचा तानांवर स्वार होऊन निघालाय, कारण त्या माणसाला जिंकायचंय. 2015 च्या चित्रपटात हे पद शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांनी गायलं. राहुल वसंतरावांचे नातू, म्हणजे त्यांना आजोबांच्या गाण्याला सामोरं जायचं होतं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. पण सुरुवात करायची तर नाटकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणापासून करा: आधी प्रसाद सावकार, लगेच मागून वसंतराव देशपांडे.