ॲनानं फोडलेलं धरण आणि तळ्यात उभी राहिलेली सून

प्रिय सई,

रविवारी आजीनं व्हिडिओ कॉलवर शिळासप्तमीची कहाणी वाचली. तिचं "सुफळ संपूर्ण" म्हणून होतंय न होतंय तोच तू विचारलंस, "पण राजाला कुणी काहीच का म्हणालं नाही? फ्रोझन दोनमध्ये आजोबांनी वाईट धरण बांधलं, ते ॲनानं फोडलं तरी. आपल्या गोष्टीत राजानं स्वतःच्या नातवाला बुडवलं, तळं तसंच राहिलं, आणि आपण त्या तळ्याची पूजा करायची?" आजी क्षणभर गप्प झाली. मग पोथी मिटून तिनं तुला जेवलीस का म्हणून विचारलं.

मला तो प्रश्न फार लागला. तू चुकीचं काही विचारलं नाहीस. पण ज्या गोष्टीवर मी वाढले, तिच्यात इतकं उघड दिसणारं काही मला तुझ्या वयात दिसलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय. कुठे शब्द अडला तर बाबाला विचार.

आधी तुझ्या सिनेमाचं बोलू. २०१९ साली तो आला तेव्हा तू एवढीशी होतीस, पाण्याचा घोडा दिसला की माझ्या कुशीत तोंड लपवायचीस. आता त्यातली खरी भीती कुठे आहे ते तू नेमकं ओळखलंस. ॲनाचे आजोबा, अरेंडेलचा रूनार्ड राजा, जंगलात राहणाऱ्या नॉर्थुल्ड्रा लोकांना धरण भेट देतो, मैत्रीची खूण म्हणून. त्या धरणानं त्यांच्या जंगलाचं बळ जाणार हे त्याला ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणूनच तो ते बांधतो. त्यांचा म्होरक्या हे सांगायला येतो, तेव्हा राजा बोलणी करायच्या मिषानं त्याला एकट्याला गाठतो आणि बेसावध बसलेल्या त्या माणसावर मागून तलवार उगारतो. मग लढाई, मग धुकं, आणि त्या धुक्यात ३४ वर्षं अडकलेली माणसं. राजाचे स्वतःचे सैनिकसुद्धा. काहींचा तर जन्मच आत झालेला, मोकळं आभाळ त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. इतक्या लोकांची आयुष्यं गेली आणि बाहेर अरेंडेलमध्ये मुलांना झोपताना सांगायची गोष्ट काय, तर आपला राजा चांगला होता, त्यानं धरण भेट दिलं आणि त्या लोकांनी दगा केला.

ॲना धरणाकडे निघते तेव्हा बर्फाची जादू असलेली तिची बहीण एल्सा मेली असंच तिला वाटत असतं. त्यांचा बर्फाचा मित्र ओलाफ तिच्या कुशीतच विरून गेलेला असतो. लाट खाली गेली की आपलं गाव वाहून जाणार हेही तिला पक्कं माहीत असतं. तरी धुकं हटावं म्हणून ती धरण फोडते. तिच्या त्या निर्णयाला माझा मनापासून नमस्कार आहे. पण त्याच्या पुढे सिनेमा कच खातो. एल्सा घोड्यावर बसून येते, लाट अडवते, आणि गावातल्या एका घराचं छप्परसुद्धा हलत नाही. शिवाय त्या धरणाचं पाणी इतकी वर्षं कोण पीत होतं, कुणाचं शेत त्यावर भिजत होतं, हे कुणी सांगतच नाही. ज्या धरणावर कुणाचं काही अडलेलं नाही, ते फोडणं त्या मानानं सोपं असतं.

आपल्या कहाणीत तळ्यावर सगळ्या गावाचं अडलेलं आहे. राजानं गाव वसवलं, तळं खोदलं, पाणी लागेना. जळदेवता म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजानं मनाशी हिशेब केला, पुष्कळांच्या जिवापुढे एका नातवाचा जीव मोठा नाही. सून कबूल होणार नाही हे तो जाणून होता, म्हणून त्यानं तिला माहेरी पाठवलं आणि मुलाला ठेवून घेतलं. मला त्या कहाणीतली सगळ्यात काळी जागा हीच वाटते. सासुरवाशिणीला माहेरी जा म्हणणं याहून गोड काय असतं! तेच तिला फसवायला वापरलं. मुलाला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, दागिने घातले, पलंगावर निजवलं आणि पलंग तळ्यात नेऊन ठेवला. पाणी आलं. रूनार्डनं परक्यांना फसवलं, या राजानं घरच्यांना. हिशेब मात्र दोघांचा एकच: ज्याचं जाणार आहे त्याला विचारायचं नाही.

सून परत येताना भरलेलं तळं बघते. ती श्रावण शुद्ध सप्तमी असते. काकडीच्या पानावर दहीभात ठेवून ती पूजा करते, पाण्यात उभी राहते आणि म्हणते, आमच्या वंशात कुणी पाण्यात बुडालं असेल तर ते आम्हाला परत मिळो. तिचा पाय कुणीतरी ओढतं. खाली बघते तो तिचाच मुलगा.

सोलापूरच्या पलीकडे, कानडी मुलखात, बायका अशीच एक कथा गातात. तिथे तळ्याला पाणी लागावं म्हणून धाकट्या सुनेलाच, भागीरथीला, बळी देतात. तिला कळलेलं असतं, आणि ती परत येत नाही. ते गाणं मला मोठेपणी समजलं आणि त्यानंतर आपली कहाणी मला पहिल्यासारखी ऐकताच आली नाही.

आता जिजीबद्दल. जिजी म्हणजे तुझी पणजी, तुझ्या आजोबांची, अण्णांची आई. तिचं गाव भीमेच्या काठी होतं, पळसदेवच्या बाजूला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. त्याच्या आगेमागे ते गाव पाण्याखाली गेलं. नोटिसा आल्या, मोजण्या झाल्या, घरादाराची किंमत ठरली. कुणी जिजीला विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं तिलाही वाटलं नसावं. नवं गावठाण माळावर बसवलं. काठापासून काही लांब नव्हतं, तरी प्यायचं पाणी मात्र कितीतरी वर्षं टँकरनं यायचं.

माझ्या लहानपणी शिळासप्तमीला आमच्याकडे चूल पेटत नसे. आदल्या दिवशी केलेल्या पुऱ्या, कोरडी भाजी, दहीभात, सगळं थंड. दुपारी जिजी मला घेऊन धरणाच्या पाण्याकडे जायची. लुगड्याचा ओचा खोचून घोट्याभर पाण्यात उभी राहायची, दहीभाताचं मुटकुळं सोडायची आणि ती प्रार्थना म्हणायची. मग थांबून खालच्या आवाजात नावं घ्यायची. माणसांची नव्हेत. मारुतीचं देऊळ. चिंचेखालचा पार. पाटलांची बारव. खालची आळी. आपला गोठा. मी शेजारी उभी. पायाला गाळ लागला की दचकायचे, कारण आता काहीतरी आपला पाय धरून वर येणार अशी माझी पक्की समजूत होती.

आणि उन्हाळ्यात खरंच वर यायचं. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली पाणी गेलं, की पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यातून उघडं पडतं. आमच्या गावाची जोतीही दिसायला लागायची. भेगाळलेल्या गाळावर शिंपले पडलेले, मधूनच विटांची रांग. जिजी त्यातून अशी चालायची जशी बाजाराला निघालीय. एका ठिकाणी थांबून तिनं चपला काढल्या. मी म्हटलं, "का गं?" तर म्हणाली, "उंबरा हाय." तिथे घडीव दगडाचा एक लांबट तुकडा होता, अर्धा मातीत. तिनं तो पदरानं पुसला आणि पलीकडे पाय टाकला.

हे सांगून तुला रडवायचं नाही मला. पण तू म्हणालीस ना, आपण त्या तळ्याची पूजा करतो? जिजी राजाची पूजा करत नव्हती, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. ज्या पाण्यानं तिचं नेलं, त्याच्यापाशी जाऊन ती दर वर्षी मागणं मागत होती. सात-बारा गेला, घर गेलं, वाढीव मोबदल्याच्या तारखा पडत राहिल्या. मागायची हक्काची जागा तिच्याकडे तेवढीच उरली होती.

उजनीचं धरण फुटावं असं मात्र मला वाटत नाही. जिजीलाही वाटत नव्हतं. पुढे अण्णांनी पाच-सात जणांत मिळून मोटर बसवली, माळापर्यंत पाइपलाइन आणली आणि ऊस लावला. माझ्या इंजिनिअरिंगची फी उसाच्या बिलातून भरली गेली. त्या पाण्याशिवाय मी पुण्याला गेले नसते, ओस्लोला आले नसते. सोलापूर शहर ते पाणी पितं. ॲनासारखं कुणी धरण फोडायला उभं राहिलं, तर बुडणाऱ्यांत आपणच असू, आणि लाट अडवायला कुणी येणार नाही.

तू राहतेस त्या देशाचंही असंच आहे. ६ फेब्रुवारीला तुमच्या शाळेत सामी लोकांचा, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांचा, दिवस साजरा होतो. सिनेमातले नॉर्थुल्ड्रा त्यांच्यावरूनच घेतलेत. त्यासाठी सिनेमावाल्यांनी सामी संसदांशी करार केला, आणि तो सिनेमा उत्तर सामी भाषेतही निघाला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७९ साली, सामी तरुण इथे ओस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले होते, आल्टा नदीवरच्या धरणाच्या विरोधात. पहिल्या आराखड्यात त्यांचं मासी नावाचं गाव बुडणार होतं. गाव वाचलं, धरण मात्र झालंच. १९८७ पासून तिथे वीज तयार होते. १९८९ साली सामींची संसद सुरू झाली, तीही त्या लढ्यामुळे. नॉर्वेची बहुतेक वीज पाण्यावरच होते. आपला हीटर आणि ज्या टीव्हीवर तू फ्रोझन बघतेस तो टीव्ही, सगळं कुठल्या ना कुठल्या धरणावर चालतं. मासीतल्या लोकांना निदान लढता आलं, याचा मला जिजीसाठी फार हेवा वाटतो.

तरी तुझा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि मला तो झाकायचा नाही. कहाणीतला राजा सुटतो. मुलगा परत आलेला बघून तो सुनेच्या पाया पडतो आणि हा कसा आला म्हणून विचारतो. ती आपल्या वशाचं पुण्य सांगते. "तुम्ही मला न विचारता हे का केलंत?" असं ती म्हणत नाही. ही कहाणी पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बायकांना सांगितली. त्यांना हे सुचलं नसेल यावर माझा विश्वास नाही. एकत्र कुटुंबात, सासऱ्याच्या माजघरात बसून ते मोठ्यानं म्हणायची सोय नसेल, असं मला वाटतं. की गप्प राहणं हाच सुनेचा गुण म्हणून कहाणी शिकवत होती? तेही असेल. मी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तुला खोटं ठाम उत्तर देणार नाही.

तू शिळासप्तमी करावीस असा माझा आग्रह नाही. मी करते, कारण त्या दिवशी मला जिजीची नावं म्हणता येतात. तुला नुसता थंड दहीभात खायचा असेल तर तेवढंच कर. मात्र आजीला तो प्रश्न पुन्हा विचार. ती रागावलेली नाही. कॉल संपल्यावर अण्णांना म्हणाली, "पोरगी खरं बोलली." हे मला अण्णांनीच सांगितलं.

आणि एक. तुझी शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटते. तेव्हा आपण भिगवणला जाऊ. पाऊस लांबला तर उजनी खाली गेलेली असेल, जोती दिसतील, उंबराही कदाचित. पण पाऊस लांबावा असं मला म्हणवत नाही, अण्णांचा ऊस उभा असतो. नाहीच दिसलं काही, तर अण्णा काठावरून गाव कुठे होतं ते दाखवतील. त्यांच्याकडे नोटिशीपासूनचे सगळे कागद आहेत. तुला हवं ते विचार, अगदी राजाचंसुद्धा. यायचं नसेल तर पुण्यात मावशीकडे राहता येईल. तिकिटं फेब्रुवारीत काढू, तोवर ठरवून सांग.

तुझी
आई