अल्सर झाला की तिखट कायमचे सोडावे लागते का?

आपल्या वडिलांना ड्युओडेनल अल्सर (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रण) निघाला असून त्यांनी तिखट सोडावे का आणि पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी का, असे आपण विचारले आहे. तिखटाविषयी मी अधिकाराने बोलू शकते, कारण त्यापायी माझ्या आईने वर्षानुवर्षे बोलणी खाल्ली आहेत.

माझ्या वडिलांना मध्यरात्री, पोट रिकामे असताना, कळ येत असे. रॅनिटिडिन ही आम्ल कमी करणारी गोळी सुरू असेपर्यंत बरे वाटे आणि बंद केली की पुन्हा तेच. आत्याचे निदान ठरलेले होते: ‘वहिनीचा हात तिखट, त्यानेच दादाचे पोट जळाले.’ आईने कांदा-लसूण मसाल्याचा डबा माळ्यावर टाकला, वडिलांसाठी मऊ भात वेगळा काढू लागली, तरी कळ थांबेना. वास्तविक बहुतेक अल्सरांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो, हे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकातच मांडले होते. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये तो जीवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले, पण आमच्या घरात खटला आईवरच चालू होता.

अखेर एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून जठराच्या अस्तराचा तिळाएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये ठेवला आणि ते जेल गुलाबी झाले. जीवाणूच्या युरिएझ या विकरामुळे (एन्झाइममुळे) सुटणाऱ्या अमोनियाने हा रंग बदलतो. दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी असा १४ दिवसांचा कोर्स झाला. तोंडाला सतत धातूची चव येते म्हणून वडील वैतागले, परंतु व्रण भरला तो पुन्हा उलटला नाही. आत्याने श्रेय दुधाला दिले. दूध घटकाभर आराम देऊन उलट आम्ल वाढवते.

तेव्हा स्वयंपाकघराची झडती घेण्याआधी एच. पायलोरीची तपासणी करून घ्यावी. तिखटाने जळजळ होत असेल तर ते कमी करावे, व्रण मात्र त्याने होत नाही. जीवाणू गेला आणि व्रण भरला की गोळी सहसा आयुष्यभर लागत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जीवाणू वाढल्याने हल्ली बिस्मथसह चार औषधेही देतात. कोर्सनंतर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची चाचणी करावी आणि तिच्याआधी २ आठवडे, डॉक्टरांना विचारून, पॅन्टोप्राझोल थांबवावी, अन्यथा जीवाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

एक राहिले: वडील गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेत असतील तर व्रणाचे कारण तेही असू शकते, आणि मग गोळीचा हिशेब निराळा होतो. अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये, आणि शौचाला डांबरासारखे काळे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.