फुकटचा राखणदार कुठला ठेवायचा?

ह्या महिन्यात वाचकांचे प्रश्न बघून मला वाटलं बेळगावात माणसांची नाही तर कॉम्प्युटरचीच साथ आलीय. जो तो अँटीव्हायरसच विचारतोय, आणि तोही फुकटचा. बरोबर आहे म्हणा, घरात एक कॉम्प्युटर, त्यावर नातवाचा अभ्यास, सुनेचं ऑनलाईन काहीतरी आणि आजोबांचं यूट्यूब, त्याला दरवर्षी पैसे कशाला भरायचे. पहिलं पत्र जरा सविस्तर घेतो, बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच निघतील.

प्रश्न : सर नमस्कार. मी वडगावात राहतो, रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. घरी डेस्कटॉप आहे, विंडोज १०, चार जीबी रॅम. इतकी वर्षं दुकानदार दरवर्षी पैसे घेऊन अँटीव्हायरस टाकून द्यायचा. यंदा मुदत संपली तेव्हा भाचा म्हणाला मामा पैसे कशाला घालवतासा, फुकटात मिळतंय की, आणि त्यानं एकाच्या जागी दोन फुकटचे टाकून ठेवले. जुना पण आहे तसाच आहे. आता बटण दाबून चहा ठेवला, चहा झाला, पिऊन कप विसळून ठेवला तरी स्क्रीनवर गोल फिरतंयच. वर कोपऱ्यात सारखं लाल डबं येतंय की तुम्ही धोक्यात आहात. कुठला ठेवू आणि कुठला काढू? पेन्शनचे कागद आणि नातवाचे सगळे फोटो त्यातच आहेत.

उत्तर : गुरुजी, तिन्ही काढा. चौथा आधीपासून घरात बसलाय, तो पुरे.

विंडोज ८ आलं २०१२ साली, तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजच्या आतच येतोय, वेगळा डाऊनलोड करायचा नाही, नूतनीकरण नाही, पावती नाही. स्टार्टला जाऊन विंडोज सिक्युरिटी असं शोधा, ढालीचं चित्र दिसेल, तोच तो. सुरुवातीच्या वर्षांत तो कच्चा होता हे खरं, टेस्टमध्ये मार्क कमी पडायचे, आणि दुकानात अजून तीच जुनी टेप वाजते की विंडोजचं काय खरं नाय, वरून एक टाकायलाच लागतंय. आता तसं राहिलेलं नाही. जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्हज अशा दोन संस्था आहेत, त्यांचं कामच सगळ्या अँटीव्हायरसना खरे व्हायरस घालून तपासायचं, त्यांच्या निकालात डिफेंडर हल्ली पैसेवाल्या नावाजलेल्यांच्या रांगेत बसलेला दिसतो.

मग तुमच्याकडे तो का दिसला नाही? कारण बाहेरचा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला सरतो, पाहुणा आला की घरातला माणूस पाटावरनं उठतो तसं. आणि मुदत संपलेला पाहुणा तसाच बसून राहिला तर कधीकधी दोघंही काम करत नाहीत, म्हणून संपलेला अँटीव्हायरस ठेवायचाच नाही. नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांनी पण हे बघा, त्यात महिना-दोन महिन्यांचा ट्रायल आधीच टाकलेला असतो, तो संपला की काढून टाका.

आता चहाची गोष्ट. अँटीव्हायरस प्रत्येक फाईल उघडताना मध्ये हात घालून बघतो. दोन असले की एकानं उघडलेली फाईल दुसरा तपासतो, दुसऱ्यानं हात लावला की पहिला सावध होतो. गणपतीच्या मंडपात रात्री जागायला दोन वेगवेगळ्या गल्लीतली पोरं बसवा, पहाटेपर्यंत एकमेकांवरच नजर ठेवून बसतील, मूर्तीकडे कोण बघणार. तुमच्याकडे तर तीन गल्ल्या आहेत आणि चार जीबीत सगळ्यांना बसायला जागा कुठली.

काढायचं कसं ते सांगतो. सेटिंग्ज, मग ॲप्स, तिथं एकेकाचं नाव शोधून अनइन्स्टॉल, एक काढला की कॉम्प्युटर रिस्टार्ट, मग दुसरा. घाईत तिन्ही एकदम काढायला जाऊ नका. जाताना तो "खरंच जाऊ का, अर्ध्या किमतीत देतो" असं विचारेल, रडू द्या. एखादा हटूनच बसला तर त्याच कंपनीच्या साईटवर काढायचं वेगळं टूल असतं, ते वापरायचं. सगळे गेले की विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण आलीय का बघा, अपडेट करा आणि एकदा फुल स्कॅन लावा. त्याला काही तास लागतात, म्हणून हेस्कॉमची लाईट टिकणार असेल असा दिवस बघा (हे मी गमतीनं नाही म्हणत, माझं स्कॅन पावसाळ्यात दोनदा अर्ध्यावर मेलंय). स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाईन स्कॅन म्हणून एक आहे, तो कॉम्प्युटर रिस्टार्ट करून विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधी तपासतो, पंधरा मिनिटांत होतं, लपून बसलेला त्यात जास्त सापडतो.

भाच्याचं मन मोडायचं नसेल आणि बाहेरचा फुकटचाच हवा असेल तर एकच ठेवा. बिटडिफेंडरचा फुकटचा आहे, रुमानियाचा, तो त्यातल्या त्यात गप्प असतो. अवास्ट, एव्हीजी, अवीरा ही नावं भाच्यानं सांगितली असतील. ही तिन्ही आता एकाच घरची आहेत बरं का, अवास्टनं २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली, अवीरा नॉर्टनवाल्यांनी घेतली, आणि २०२२ मध्ये नॉर्टन आणि अवास्ट एकत्र झाले, कंपनीचं नाव जेन डिजिटल. म्हणजे हा बरा की तो बरा म्हणून जे भांडतात ते एकाच दुकानाच्या दोन पाट्यांवरून भांडतात.

आणि फुकट म्हणजे कंपनी पगार कुठनं देते हे विचारायला पाहिजे. बहुतेक ठिकाणी उत्तर साधं असतंय, सारखं डबं दाखवून तुम्हाला पैसेवाल्याकडे ढकलायचं. तुमचं ते लाल डबं पण बहुतेक तेच, व्हायरस नाही, जाहिरात. पण अवास्टच्या बाबतीत आणखी एक निघालं. लोक कुठल्या साईटवर जातात ती माहिती जम्पशॉट नावाच्या त्यांच्याच कंपनीतून विकली जात होती, २०२० च्या जानेवारीत बोभाटा झाल्यावर ती कंपनी बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आता ते बंद आहे, तरी राखणदारच दाराशी वही घेऊन बसला होता हे मी विसरत नाही.

बरेच जण आपल्या क्विक हीलचं विचारतात. आपला म्हणजे खरंच आपला, रहिमतपूरचे कैलास काटकर, पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात, भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला. अभिमान आहेच, पण तो फुकट नाही, ट्रायल मिळतो आणि मग पैसे. त्यांचं एक फुकटचं टूल मात्र आहे, केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर, एकदा चालवून बॉट (आपला कॉम्प्युटर दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारा व्हायरस) काढायचं, रोज राखण करायचं नाही. डिफेंडर ठेवून शंका आली तर महिन्याकाठी ते चालवायला हरकत नाही.

आता गुरुजी, खरी काळजी मला दुसरीच आहे. तुमचं विंडोज १०. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट, म्हणजे चुका दुरुस्त करणारी नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. डिफेंडरला नवीन व्हायरसची ओळख निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहू असं ते म्हणालेत, पण भिंतीलाच भोक पडलं तर दारातला राखणदार काय करणार. २०१७ च्या मे महिन्यात विंडोजच्या अशाच एका भोकातून वानाक्राय नावाचा, फाईलींना कुलूप घालणारा व्हायरस आला, जगभर हॉस्पिटलं आणि ऑफिसं लॉक झाली, त्या भोकाचं ठिगळ (पॅच) मार्चमध्येच आलं होतं, ज्यांनी अपडेट घेतलं नाही ते सापडले. म्हणून सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जा, जादाच्या सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायचं बटण दिसेल, घरगुती लोकांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. दरम्यान विंडोज ११ चालतंय का ते बघून घ्या, जुन्या मशीनला टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसर आडवा येतो.

आणि नातवाचे फोटो आजच एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर कुलूप घालणारा व्हायरस तिलाही कुलूप घालतो.

प्रश्न : दादा, मी निपाणीची, बीकॉमला आहे. प्रोजेक्ट प्रिंट करायला पेन ड्राईव्ह दुकानात दिला, घरी आणला तर सगळ्या फोल्डरवर छोटा बाण आलाय आणि फोल्डरचे शॉर्टकट झालेत. मैत्रीण म्हणते फॉरमॅट कर. पण सबमिशन परवा आहे!!

उत्तर : फॉरमॅट अजिबात करू नको ताई, तुझा प्रोजेक्ट त्यातच आहे, फक्त लपवलाय. आणि त्या बाणावर डबल क्लिक पण करू नको, सगळी मेख तिथंच आहे. पूर्वी पेन ड्राईव्ह नुसता लावला की व्हायरस आपणहून चालू व्हायचा, मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ पासून ते बंद केलं, मग ह्या लोकांनी युक्ती काढली की खरा फोल्डर लपवायचा आणि त्याच नावाचा शॉर्टकट ठेवायचा. तू क्लिक केलंस की आधी व्हायरस चालतो आणि मागोमाग तुझा फोल्डरही उघडतो, म्हणून माणसाला कळतच नाही.

पेन ड्राईव्ह लाव, त्यावर राईट क्लिक करून डिफेंडरनं स्कॅन कर. मग फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूला जाऊन हिडन आयटम्सला टिक कर. तरी दिसेना तर फोल्डर ऑप्शन्समध्ये "हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाईल्स" ची टिक काढ, तो घाबरवेल, हो म्हण. फिकट रंगात तुझे फोल्डर दिसतील. त्यातल्या वर्ड आणि पीडीएफ फाईल तेवढ्या कॉम्प्युटरवर घे, ओळखीचं नसलेलं काही उचलू नको, मग पेन ड्राईव्ह खुशाल फॉरमॅट कर आणि काढलेली टिक परत लाव. तिथंच फाईल नेम एक्स्टेन्शन्सला पण टिक करून ठेव, म्हणजे फोटो म्हणून आलेल्या फाईलच्या शेवटी डॉट ईएक्सई असलं, म्हणजे तो फोटो नाही तर प्रोग्राम आहे, तर दिसेल.

मी स्वतः पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापायला असाच पेन ड्राईव्ह देऊन आलो होतो, दुकानाचं नाव सांगत नाही, बिचाऱ्याच्या मशीनवर दिवसाला शंभर पेन ड्राईव्ह लागतात. घरचे दोन कॉम्प्युटर आणि मेहुण्यांचा लॅपटॉप साफ करताना माझं निम्मं लग्न चुकलं. तेव्हापासून मी प्रिंटची पीडीएफ मेल करतो.

प्रश्न : सर, शहापूरला माझं डीटीपीचं छोटं काम आहे, घरातूनच. गिऱ्हाईक मराठी पण असतंय, कन्नड पण. मित्राकडून कन्नड टायपिंगचं आणि डिझाईनचं सॉफ्टवेअर आणलं, सोबत क्रॅक (विकत न घेता चालवायला कुलूप तोडणारी फाईल) होता, अँटीव्हायरस तो पकडून खाऊन टाकतोय. मित्र म्हणतो अँटीव्हायरस बंद करून टाक, मग चालू कर. असा कुठला फुकटचा आहे का जो क्रॅकला काही म्हणत नाही?

उत्तर : असला मिळाला तर तो अँटीव्हायरस नव्हे. कधी तो नुसता क्रॅक आहे म्हणून पकडतो, कधी आत खरंच पासवर्ड चोरणारं काहीतरी असतं, आणि बाहेरून तुम्हाला-मला दोन्ही सारखेच दिसतात. तुम्ही राखणदाराला झोपवून चोराला आत घेताय आणि मग राखणदाराला उठवताय, तोवर चोर माळ्यावर चढून बसला. त्याच मशीनवरून तुम्ही गिऱ्हाईकांचे आधार कार्ड आणि उतारे प्रिंट करता हे पण लक्षात घ्या.

कन्नडसाठी क्रॅक लागतच नाही हो. नुडी कर्नाटक सरकारचंच आहे, फुकट मिळतं, मूळ जागेवरून घ्या, मित्राच्या पेन ड्राईव्हवरून नको. आणि विंडोजमध्येच मराठी, कन्नड दोन्ही कीबोर्ड आहेत, इनस्क्रिप्ट (सरकारी ठरीव कळांची पद्धत) येत नसेल तर २०१९ च्या अपडेटपासून फोनेटिक पण आलाय, "ghar" दाबायच्या सवयीनं घर उमटतं. जुन्या फॉन्टातल्या कामांसाठी जुनं सॉफ्टवेअर लागेल ते मान्य. डिझाईनसाठी इंकस्केप आणि गिंप बघा, फुकट आहेत, हात बसायला महिना जातो आणि तोवर तुम्ही मला शिव्या द्याल.

प्रश्न : खानापूर. विंडोज ७, दोन जीबी रॅम. हलका फुकटचा अँटीव्हायरस सुचवा.

उत्तर : नाही सुचवत. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय. नेट काढून नुसतं टायपिंगला ठेवा, नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ह्या फुकटच्या सिस्टमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, दोन जीबीत रडतखडत का होईना चालते. बँकेचं काम त्यावर करू नका.

प्रश्न : काका, आईच्या कॉम्प्युटरवर मोठ्यानं आवाज येऊन स्क्रीन भरून मेसेज आला, व्हायरस सापडलाय, ह्या नंबरवर फोन करा. आईनं फोन केला, त्यांनी काहीतरी टाकायला सांगितलं, तेवढ्यात मी आलो आणि वायरच काढली. आता अँटीव्हायरस टाकला की पुरे ना? (टिळकवाडी)

उत्तर : वायर काढलीस ते बेष्ट केलंस. खरा अँटीव्हायरस कधी फोन नंबर देत नाही, तो नुसता वेबपेजचा तमाशा असतो, ब्राऊझर बंद केला की संपला. त्यांनी टाकायला लावलं ते रिमोटचं, म्हणजे लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप असणार, एनीडेस्क किंवा तसलंच. ते ॲप मुळात वाईट नाही, म्हणून बहुतेक अँटीव्हायरस त्याला पकडत नाहीत, तुलाच काढायला लागेल. नेट न लावता कॉम्प्युटर चालू कर, ते अनइन्स्टॉल कर, मग ऑफलाईन स्कॅन. आईचे मेलचे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदल. पैसे गेले असतील तर थांबू नको, १९३० ला (ऑनलाईन फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन लाव, जितका लवकर तितकं बरं. आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये साईट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथं अनोळखी साईटींची रांग दिसेल, सगळ्या काढून टाक, कोपऱ्यातली खोटी डबी तिथूनच येतात. आईला रागावू नको, पुढच्या वेळी ती तुला न सांगता फोन करेल.

प्रश्न : अँटीव्हायरस खरंच जागा आहे का झोपलाय हे कसं कळणार? व्हायरस येईपर्यंत वाट बघायची का? (हिंडलगा, आठवीतला विद्यार्थी)

उत्तर : ह्या महिन्यातला सगळ्यात हुशार प्रश्न. त्यासाठी खोटा व्हायरस असतो. आयकार नावाच्या संस्थेची ६८ अक्षरांची एक ओळ आहे, तिच्यात काहीच धोका नाही, पण जगातल्या सगळ्या अँटीव्हायरसनी ठरवलंय की ही दिसली की बोंब मारायची. आयकारच्या साईटवरून ती ओळ घे, नोटपॅडमध्ये चिकटव, सेव्ह कर. लगेच पकडली तर जागा आहे. हे घरच्या कॉम्प्युटरवर कर आणि आधी घरच्यांना सांग, शाळेच्या लॅबमध्ये करून माझं नाव सांगू नको.