पंखा अजून दोनवरच

या वेळचं पत्र एका दादांचं आहे, थोडं कमी करून देतेय.

"ताई, ही जाऊन चार महिने झाले. थंडीत गेली. तेव्हा माणसं होती, कागदपत्रं होती, दिवस कसेतरी निघून जायचे. आता ही उष्णतेची लाट आलीये आणि बारा ते पाच मी घरात एकटा. आमचं ४१ वर्षं पंख्याच्या स्पीडवरून भांडण, मला पाच लागायचा, तिला दोन. मी झोपलो की ती उठून कमी करायची आणि सकाळी मी ओरडायचो. आता अडवणारं कोणी नाही तरी माझ्याच्याने रेग्युलेटर फिरवला जात नाही. पंखा दोनवरच. रात्रभर तळमळतो. खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवतो, बंद केल्या की घर खायला उठतं. मुलगी रोज फोनवर विचारते पाणी प्यायलात का, मी हो म्हणतो, खरं तर लक्षातच नसतं. दुपारी वेळ जावा म्हणून तिचं कपाट आवरायला काढलंय. परवा बाथरूममध्ये डोळ्यापुढे अंधारी आली, भिंत धरून खाली बसलो. कोणाला सांगितलं नाही, मुलीला तर नाहीच, ती मला इथून हलवेल. वय ६८. मला वेड लागलंय का?"

दादा, वेडबिड काही लागलेलं नाहीये. पण तुमचं पत्र वाचताना मी पंख्यापाशी नाही थांबले, बाथरूमपाशी थांबले, आणि तुम्ही नेमकं तेच शेवटी जाता जाता एका ओळीत उरकलंत. म्हणून माझं उत्तर तिथूनच सुरू होणार, राग आला तरी चालेल.

उकाड्यात शरीर काय करतं तर आतली उष्णता बाहेर टाकायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करतं, त्यात घामाने पाणी कमी झालेलं, म्हणजे बीपी खाली येतो, आणि माणूस पटकन उभा राहिला की डोळ्यापुढे अंधारी. यात बीपीची गोळी चालू असेल, त्यातही लघवी जास्त करायला लावणारी, तर अजूनच. हृदयाच्या, अॅलर्जीच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यासुद्धा शरीराला थंड व्हायला आडव्या येतात. तुम्ही गोळ्यांचं काहीच लिहिलेलं नाही, पण असतील तर सगळी पाकिटं एका पिशवीत घालून या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि परवाचं जसंच्या तसं सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही हं, कमी करायची असेल तर ते करतील. तोवर बाथरूमला आतून कडी लावू नका, घरात तसंही कोणी नाही (हे लिहिताना मलाच कसंतरी झालं, पण लिहिलं).

आता पाणी. तुम्ही म्हणता लक्षात नसतं, आणि मला वाटतं इथेच खरी गोम आहे. वय वाढलं की तहान लागणंच कमी होतं, शरीराला पाणी हवं असतं पण घसा सांगत नाही. तुमच्या घरी ते सांगायचं काम वहिनी करत होत्या. तुम्हाला वाटत असेल त्या किटकिट करायच्या, पाणी प्या, उन्हात जाऊ नका, पडदा ओढा, पण दादा, तुमची तहान त्यांच्याकडे होती. इतकी वर्षं संसार झाला की माणसं असं काहीबाही एकमेकांकडे ठेवून देतात, एकाकडे किल्ल्या कुठे आहेत ते, एकाकडे वाढदिवस, एकाकडे चक्क दुसऱ्याची तहान. माणूस जातं तेव्हा ते सगळं घेऊन जातं आणि मागे राहिलेल्याला कळतही नाही काय काय गेलं. थंडीत नाही कळलं तुम्हाला. आता कळतंय.

म्हणून तहान लागायची वाट बघू नका. डोळ्यासमोर दिसेल अशी भरलेली बाटली टेबलावर, सकाळी एक, दुपारी एक, आणि रिकामी झाली की नाही तेवढंच बघायचं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, हा हिशोब कुठल्याही अॅपपेक्षा बरा. हार्ट किंवा किडनीमुळे डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर मात्र माझं ऐकू नका, त्यांनाच विचारा किती. आणि झोप येत नाही म्हणून संध्याकाळी एखादा पेग घेत असाल (लिहिलेलं नाही तुम्ही, पण मी बरीच पत्रं वाचते) तर ही लाट जाईपर्यंत तो बंद. दारूने शरीरातलं पाणी उलट कमी होतं.

माझं सांगते. आमचे हे गेले त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी फ्रीजमध्ये रोज दोन बाटल्या भरून ठेवायचे, एक माझी आणि एक निळ्या झाकणाची यांची. यांची मी प्यायचे नाही. रोज रात्री ओतायची, सकाळी भरायची. एक दिवस नळाला पाणी नाही, माझी बाटली संपलेली, दुपारचे अडीच, आणि घरात प्यायला म्हणून तेवढी एकच निळ्या झाकणाची. फ्रीजचं दार उघडं ठेवून उभ्या उभ्या अर्धी प्यायले, मग तिथेच खाली बसून रडले, आणि मग रडून घसा कोरडा पडला म्हणून उरलेली पण प्यायले. दुसऱ्या दिवशी परत दोन भरल्या. फक्त आता दोन्ही मीच प्यायचे.

तर पंख्याचं. दोनवर ठेवण्यात काही चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही, आणि पाचवर नेलात तर वहिनी जास्त गेल्या असंही होणार नाही. पण मी काय म्हणते, हा वाद रेग्युलेटरवर सोडवायलाच हवा असं कुठे आहे? पंखा हवा थंड करत नाही, तो घाम वाळवतो आणि त्याने आपण थंड होतो. हवा दमट असली की तेही धड होत नाही, आणि खोलीच चाळीस डिग्रीच्या वर तापलेली असेल तर पंखा नुसती गरम हवा अंगावर मारतो, म्हणजे पाचवरचा पंखा तेव्हा उलट त्रासच देणार. सुती पंचा ओला करून मानेवर, हातांवर फिरवा, झोपायच्या आधी साध्या पाण्याने अंघोळ करा, कपडे थोडे दमट ठेवा, आणि मग पंखा दोनवर असला तरी बराच फरक पडेल. ज्या रात्री फारच होईल त्या रात्री तीन करा. दोघांच्या मधला आकडा आहे तो. ४१ वर्षांत एकदाही तीनवर तडजोड झाली नाही का हो तुमची?

हसू नका, रात्रीची झोप महत्त्वाची आहे. दिवसभर तापलेलं शरीर रात्री थंड व्हायला हवं, ते झालं नाही तर दुसरा दिवस आधीच थकलेला सुरू होतो, आणि लाटेत असे चार-पाच दिवस एकावर एक चढतात. त्यात तुम्ही चार महिने नीट झोपलेला नाहीत, जेवणाचा तर पत्रात उल्लेखच नाही. जोडीदार गेल्यावर पहिले काही महिने मागे राहिलेल्याची तब्येतही जास्त ढासळते, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणजे तुम्ही नेहमीचे ६८ नाही आहात सध्या, आजारातून उठलेल्या माणसासारखं स्वतःला धरा.

खिडक्यांचं तुमचं मला पटलं. बंद, अंधारं घर म्हणजे परत ते पहिले दिवस. पण बाहेर आतल्यापेक्षा जास्त गरम असताना खिडकी उघडी ठेवणं म्हणजे भट्टीचं तोंड घरात घेणं. उन्हाच्या बाजूच्या खिडक्या आणि पडदे सकाळीच बंद, बाहेर गार झालं की सगळं उघडा, पहाटेपर्यंत. सावलीच्या बाजूचा पडदा मात्र थोडा उघडा राहू दे, उजेड येईल एवढा. तरी खायला उठलं घर तर दुपारी घरात बसूच नका ना, सकाळीच बाहेर पडून जिथे एसी आहे अशा वाचनालयात नाहीतर कुणाच्या घरी दोन-तीन तास काढा. तेवढा वेळ थंड जागी काढला तरी शरीराला खूप आराम पडतो.

आणि हो, ते कपाट. माळ्यावरून बॅगा, साड्यांच्या घड्या, भर दुपारी, चाळिशीच्या उन्हात? बंद करा आजच. जे कोणी "आवरून टाका, मन मोकळं होईल" म्हणतंय त्यांना माझ्याकडे पाठवा. कपाट कुठे पळत नाहीये. पाऊस पडला की उघडा, किंवा पुढच्या थंडीत.

राहिली मुलगी. तिला तुम्ही "हो" म्हणता तो "हो" तिलाही खोटा वाटत असणार, म्हणून ती रोज विचारते, म्हणून तुम्ही चिडता. शिकागोमध्ये १९९५ साली अशीच लाट आली होती, ७०० च्या वर माणसं गेली. नंतर अभ्यास केला तेव्हा दिसलं की एकटी राहणारी, घराबाहेर न पडणारी माणसं जास्त दगावली, आणि ज्यांचं कुणाकडे जाणं-येणं होतं ती त्या मानाने वाचली. फ्रान्समध्ये २००३ ला सुमारे १५ हजार लोक गेले, त्यातही एकटे म्हातारे कितीतरी. घाबरवायला नाही सांगत. कारण साधं आहे. ऊन डोक्यात गेलं की माणूस बरळायला लागतो, गोंधळतो, आणि ते त्याचं त्याला कळत नाही. ते ऐकायला दुसरं कोणीतरी लागतं. ती रोज फोन करते तेव्हा पाण्याचं विचारते हे खरं, पण तुमचा आवाज नीट आहे ना हे ऐकत असते.

म्हणून तिला सांगा. चक्कर आली होती, डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आणि मला इथेच राहायचंय, हे तिन्ही एकाच फोनमध्ये, याच क्रमाने. नुसती चक्कर सांगितलीत तर ती बॅग भरेल, तुमची भीती बरोबर आहे. पुढे म्हणा की रोज दुपारी चारला फोन कर, मी उचलला नाही तर शेजाऱ्यांना कर, त्यांच्याकडे किल्ली आहे. आणि शेजाऱ्यांना किल्ली खरंच द्या. त्यांना हेही सांगून ठेवा की मी असंबद्ध बोलायला लागलो, अंग भाजल्यासारखं गरम लागलं किंवा मी शुद्धीवर नसलो तर आधी अँब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालायचा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. सांगायला संकोच वाटेल. वाटू दे. अशी एक किल्ली माझीही आहे समोरच्यांकडे, नऊ वर्षं झाली, आजवर एकदाच वापरली त्यांनी, आणि तेव्हा मी मस्त घोरत होते.

डॉक्टर काय म्हणाले ते दोन ओळींत कळवा. तीनवर झोप लागली का तेही.

— तुमची ताई