दिसला नाही, म्हणजे नाहीच का?

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की प्राणी न दिसणं आणि प्राणी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यावर सातारा-सांगलीतून बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण ज्या शंका पुन्हा पुन्हा आल्या त्या घेते.

ताई, आमच्या माळावर दोन दिवस पाहणी झाली. लांडगा दिसला नाही, ठसेही मिळाले नाहीत, म्हणून कागदावर ‘लांडगा नाही’ असं लिहिलं गेलं. मेंढपाळ मात्र सांगतात की पंधरा दिवसांपूर्वीच कोकरू उचललं. खरं कोणाचं मानायचं?
— एक शिक्षक, दहिवडी परिसर

दोघांचंही खरं असू शकतं. पाहणी करणाऱ्यांना लांडगा खरंच दिसला नसेल. चूक झाली ती शब्दात. ‘आढळला नाही’ लिहायला हवं होतं, तिथे ‘नाही’ लिहिलं.

तुमच्या माण तालुक्यातला माळ डोळ्यांसमोर आणा. मुरमाड, कडक जमीन. पाऊल उमटतच नाही. लांडगा एका रात्रीत मैलोन्‌मैल फिरतो आणि उजाडायच्या आत कुठल्यातरी ओघळीत जाऊन बसतो. समजा, लांडगा असलेल्या माळावर एका दिवसाच्या पाहणीत त्याची खूण सापडण्याची शक्यता दहात तीन आहे. म्हणजे चुकण्याची दहात सात. दोन दिवस पाहणी केली तर दोन्ही दिवस चुकण्याची शक्यता सात गुणिले सात, शंभरात 49. लांडगा असूनही ‘नाही’ लिहिलं जाण्याची शक्यता जवळजवळ निम्मी! हा तर छापा-काटाच झाला. चार दिवस गेलात तर चुकण्याची शक्यता शंभरात 24 वर येते. ती पाचाच्या खाली आणायची असेल तर नऊ दिवस जावं लागेल. दहात तीन हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. प्रत्येक माळाचा, प्रत्येक ऋतूचा आकडा वेगळा असतो आणि तो काढता येतो. कसा ते पुढच्या उत्तरात सांगते.

मला या ‘नाही’ची धास्ती वाटते. कागदावर एकदा ‘नाही’ आलं की माळ ‘पडीक’ ठरायला वेळ लागत नाही. मग कोणी तिथे झाडांसाठी खड्डे काढतं, कोणी प्लॉट पाडतं. लांडग्याला माळच हवा असतो, झाडी नको. तेव्हा तुम्ही एवढंच मागा: किती दिवस, कोणत्या वेळी, किती किलोमीटर चालून लांडगा आढळला नाही, हे कागदावर यावं. आणि मेंढपाळांकडून तारीख आणि जागा लिहून घ्या. शेतात मेंढरं बसवलेल्या वाड्याभोवती रात्र काढणारा माणूस आपल्या दोन दिवसांपेक्षा कितीतरी जास्त ‘फेऱ्या’ मारत असतो. त्याच्या माहितीला पुरावा म्हणून लगेच शिक्का मारू नका, पण पुढची पाहणी कुठे करायची ते तिच्यावरून ठरवा.

मी एम.एस्सी.ला आहे. कृष्णाकाठच्या 30 जागी पाणमांजराची विष्ठा शोधली, प्रत्येक जागी दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत 8 जागी मिळाली, दुसऱ्या फेरीतही 8 जागी. पण दोन्ही फेऱ्यांत मिळाली अशा जागा फक्त 4. म्हणजे एकूण 12 जागा. आमचे सर म्हणतात, हिशेबाने 16 येतात. न पाहिलेल्या चार जागा गणित आणतं कुठून?
— एक विद्यार्थिनी, भिलवडी

तुझ्या प्रश्नावर मी खूश आहे, कारण या सगळ्या शास्त्राचं मर्म याच आकड्यांत आहे.

पहिल्या फेरीतल्या 8 जागा घे. तिथे पाणमांजर आहे हे आता पक्कं. त्याच 8 जागी तू पुन्हा गेलीस आणि खूण सापडली फक्त 4 ठिकाणी. म्हणजे प्राणी असताना तुला त्याची खूण सापडण्याची शक्यता निम्मी. आता दुसरी फेरी बघ. त्या फेरीत तुला 8 जागा मिळाल्या. तू निम्म्याच जागा पकडतेस हे आपल्याला कळलं आहे, तर मुळात जागा किती असतील? 16. झालं गणित. पडताळून बघ: दोन्ही फेऱ्यांत चुकण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव. 16 मधला पाव हिस्सा 4. त्या तुझ्या निसटलेल्या जागा. तीसपैकी 12 म्हणजे 40 टक्के, पण खरा वावर 53 टक्क्यांच्या आसपास.

त्या चार जागा नेमक्या कोणत्या, हे मात्र गणित सांगत नाही. तुझ्या 18 कोऱ्या जागांपैकी प्रत्येकीत पाणमांजर असण्याची शक्यता 18 त 4, म्हणजे सुमारे 22 टक्के, एवढंच म्हणता येतं. आणि 16 हा आकडा तलवारीच्या धारेसारखा नेमका समजू नकोस. तीस जागा आणि दोन फेऱ्यांवर तो बराच खाली-वर होऊ शकतो. तिसरी फेरी कर, जमलं तर चौथीही.

ही पद्धत संशोधक डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडली. त्यांनी अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या पाणथळ जागांवर बेडकांचे आवाज ऐकून नोंदी केल्या होत्या. एका जातीच्या भेकाचा आवाज 34 टक्के जागी ऐकू आला होता, हिशेबाने वावर 49 टक्के निघाला. दुसरी जात मोठ्याने ओरडणारी. तिचा आकडा 83 वरून 85 वर गेला, इतकाच. जो प्राणी सहज सापडतो त्याच्यासाठी दुरुस्ती थोडी, जो लपतो त्याच्यासाठी मोठी. तुझा हिशेब ‘प्रेझेन्स’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होईल, किंवा ‘आर’ ही संगणकभाषा येत असेल तर ‘अनमार्क्ड’ हे पॅकेज वापर.

फेऱ्या वाढवू की जागा, असंही तू विचारलं आहेस. दुर्मीळ प्राण्यासाठी जागा वाढव, प्रत्येक जागी फेऱ्या कमी चालतील. सर्वत्र असणाऱ्या प्राण्यासाठी उलटं.

आता प्रत्यक्ष पाहणीतली एक गोष्ट. पाणमांजराची विष्ठा तू हातात घेऊन पाहिलीच असशील. ताजी असेल तर काळपट, चिकट, माशाचा उग्र वास. वाळली की राखाडी होते, बोटांत चुरली की नुसते खवले, बारीक काटे आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे उरतात. ती बहुधा पाण्याजवळच्या उंच खडकावर असते, आणि हीच अडचण आहे. वर धरणातून पाणी सोडलं की कृष्णेची पातळी चढते आणि खडक धुऊन निघतो. माझ्या एका पाहणीत मी असंच पाणी ओसरल्यानंतर दुसऱ्या दिवशी एका डोहावर गेले, खडक स्वच्छ दिसला, वहीत शून्य मांडलं. शेजारी जाळं सोडवत बसलेल्या माणसाने मला वीस पावलांवरच्या वाळूत ओली पावलं दाखवली, बोटांमधल्या पडद्यासकट. तेव्हापासून मी प्रत्येक फेरीत पाण्याची पातळी आणि पाणी ओसरून किती दिवस झाले ते लिहिते. तूही लिही. सापडण्याची शक्यता दर फेरीला बदलते, आणि का बदलली हे लिहिलेलं असेल तर हिशेबात धरता येतं. लिहिलं नसेल तर काही करता येत नाही.

आमच्या कॉलेजकडे एकच गाडी, एकच दिवस. चार-चार फेऱ्या परवडत नाहीत. एकाच दिवशी चार किलोमीटर वाट चाललो आणि प्रत्येक किलोमीटर म्हणजे एक फेरी धरली तर?
— एक प्राध्यापक, पाटण

चालतं, पण डोळसपणे. गवा किंवा रानकुत्री एकदा जंगलातल्या वाटेला लागली की बराच वेळ वाटेनेच चालतात. पहिल्या किलोमीटरवर विष्ठा मिळाली की दुसऱ्यावर मिळण्याची शक्यता आपोआप वाढते. मग ते तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि साधा हिशेब चुकतो. कर्नाटकात वाघांच्या खुणांवर काम करताना नेमकी हीच अडचण आली होती. हाइन्स, निकल्स, उल्हास कारंथ आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये तिच्यासाठी वेगळी पद्धत मांडली. शेजारच्या तुकड्यांचा संबंध ती हिशेबात धरते. तीही ‘प्रेझेन्स’मध्ये आहे. विद्यार्थ्यांना एवढंच सांगा, प्रत्येक तुकड्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा. ‘चार किलोमीटरमध्ये तीन विष्ठा’ असं एकत्र लिहिलं की सगळी मेहनत पाण्यात.

शिराळ्याकडे 20 शेतांत कॅमेरे लावले. 15 शेतांत बिबट्या आला. म्हणजे आमच्याकडे 15 बिबटे आहेत का? गावात घबराट आहे.
— एक ऊस बागायतदार

नाही हो. तोच बिबट्या एका रात्रीत तीन-चार शेतांतून जाऊ शकतो. 15 हा शेतांचा आकडा आहे, बिबट्यांचा नाही. डोकी मोजायची असतील तर अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी जुळवून एकेक बिबट्या ओळखावा लागतो, आणि ते काम वेगळं आहे. ग्रामसभेत हा फरक स्पष्ट सांगा, कारण ‘पंधरा बिबटे’ हे वाक्य गावातून पुसून काढणं फार कठीण जातं.

दुसरं, तुमच्या शेताची एक अडचण आहे. या पद्धतीत असं धरलेलं असतं की पाहणीच्या काळात जागेची स्थिती बदलत नाही. प्राणी आहे तर सगळ्या फेऱ्यांत आहे, नाही तर नाही. उसात हे जमत नाही. ऑक्टोबरमध्ये जो फड बिबट्याचं घर असतो, तो तोड झाल्यावर मोकळं रान होतो. म्हणून फेऱ्या दोन-तीन आठवड्यांत उरका आणि तोड सुरू व्हायच्या आत संपवा. तरीही बिबट्या येत-जात राहणार, म्हणून निघालेल्या आकड्याला ‘वास्तव्य’ म्हणू नका, ‘वापर’ म्हणा. आणि तोडीच्या वेळी फडात पिल्लं दिसली तर हात न लावता तिथली तोड थांबवा आणि वनविभागाला 1926 वर कळवा. आई बहुतेक वेळा रात्री येऊन घेऊन जाते.

बुद्धपौर्णिमेला चांदोलीच्या बाजूला मचाणावर बसलो होतो. रात्रभरात दोन सांबरं. ताडोब्यात मित्राला वाघ, अस्वल, गवे सगळं दिसलं. आपल्याकडचं जंगल रिकामं झालंय का?
— एक निसर्गप्रेमी, कराड

मचाणावरून आपल्याला पाण्यावर येणारा प्राणी दिसतो. विदर्भातल्या कोरड्या जंगलात मे महिन्यात मोजके पाणवठे उरतात, त्यामुळे सगळ्यांना तिथेच यावं लागतं. सह्याद्रीच्या सदाहरित झाडीत मे महिन्यातही कितीतरी ओढ्यांच्या डोहांत पाणी असतं, प्राण्याला तुमच्या मचाणासमोर यायची गरजच नसते. इथे प्राणी सापडण्याची शक्यता मुळातच कमी. सह्याद्रीत वाघ-बिबटे ताडोब्यापेक्षा विरळ आहेत हे खरं, पण ते दोन मचाणांवरच्या रात्री शेजारी ठेवून ठरत नाही. तुम्ही जागून काढलेली रात्र मात्र वाया गेली असं समजू नका. त्याच मचाणावर दरवर्षी बसा आणि नोंद ठेवा.

कोयनेचा बेडूक शोधायला हिवाळ्यात हुंबरळीला गेलो. एकही नाही.
— हेळवाक

कोयना भेक 1963 मध्ये याच भागातून जगासमोर आला. तो बाहेर पडतो पावसाळ्यात, जांभ्याच्या सड्यावर पाणी साचतं तेव्हा. हिवाळ्यात तो सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य, आणि शून्याला दहा फेऱ्यांनी गुणलं तरी शून्यच. पावसाळ्यात जा, रात्री जा, पाय जपून टाका.

ठसा लांडग्याचा की कुत्र्याचा ते कळलं नाही तर काय लिहू? राहून जाण्यापेक्षा लिहिलेलं बरं, नाही का?
— एक स्वयंसेवक, जत

नाही. इथे मी कडक आहे. आतापर्यंत सांगितलेला हिशेब ‘असून न सापडणं’ ही चूक सांभाळतो. ‘नसताना सापडला म्हणणं’ तो सांभाळत नाही. एका फेरीत चुकून लिहिलेला लांडगा पुढच्या फेऱ्यांत अर्थातच मिळत नाही. मग हिशेबाला वाटतं की लांडगा फार लपतो आणि कोऱ्या जागांतही बऱ्याच ठिकाणी असेल. वावराचा आकडा नुसता फुगत जातो. राजस्थानातल्या सरिस्क्यात कागदावर वाघ होते आणि 2005 मध्ये कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याच्या जुन्या पद्धतीवरचा विश्वास त्यानंतर उडाला. तेव्हा शंका असेल तर रकान्यात ‘शंकास्पद’ लिहा, आकार कळावा म्हणून ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा. विष्ठा असेल तर तिचाही फोटो घ्या आणि जागा नोंदवून जाणकाराला कळवा.

मी निवृत्त आहे. गेली बरीच वर्षं सागरेश्वर आणि आसपासच्या डोंगरांत फिरतोय. वह्या भरल्यात, पण निम्म्या पानांवर ‘आज काही नाही’ एवढंच आहे. घर बदलतोय. कामाची पानं ठेवून बाकीची रद्दीत घालू का?
— एक वाचक, विटा

काका, एकही पान टाकू नका. ‘काही नाही’ची पानंच मला हवी आहेत. प्राणी दिसला की त्याचा फोटो सगळेच काढतात आणि पाठवतात. जाऊन रिकाम्या हाताने परत आलेला माणूस लिहीत नाही, आणि त्याच्याशिवाय प्राणी सापडण्याची शक्यता काढताच येत नाही. तुमच्या 8-10 फेऱ्यांत एकदा दिसलेलं खोकड आणि दर फेरीला दिसलेलं खोकड यांतला फरक फक्त त्या कोऱ्या पानांवर आहे.

फक्त एक करा. प्रत्येक ‘काही नाही’च्या पानावर तारीख आहे का बघा. वाट कोणती होती, सकाळ होती की संध्याकाळ, सोबत कोण होतं, हे आठवत असेल तर आत्ताच शेजारी वेगळ्या रंगाच्या शाईने लिहा, म्हणजे मागाहून लिहिलेलं कळेल. आठवत नसेल तर अंदाजाने भरू नका. आणि ज्या दिवशी गेलाच नाहीत तिथे शून्य नको, आडवी रेघ मारा. मग नातवाला सांगून सगळ्या पानांचे फोटो काढून घ्या, पावसाची ओल लागायच्या आत.