केमोथेरपीसोबत आळंबीच्या कॅप्सूल?

प्रश्न : वडिलांना जठराचा कर्करोग आहे, केमोथेरपी चालू आहे. रेशी आणि शिताके आळंबीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात, जपानमध्ये तर ते औषध म्हणूनच देत, असे वाचले. कॅप्सूल सुरू कराव्यात का?

उत्तर : कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. जपानचे वाचलेत ते खरे, पण अर्धेच. शिताकेतल्या लेंटिनानला तिथे १९८५ साली मान्यता मिळाली ती केमोथेरपीच्या जोडीला, आणि इंजेक्शन म्हणून. हा बीटा-ग्लुकनचा, म्हणजे शर्करेच्या लांब साखळीचा, अवाढव्य रेणू; गिळला तर आतड्यातून जवळपास शोषलाच जात नाही. टर्की टेल आळंबीपासून केलेले पीएसके हे औषध मात्र तोंडावाटे देत, रोज साधारण ३ ग्रॅम. दोन्हींचा भर गाठ मारण्यापेक्षा पांढऱ्या पेशींना चेतवण्यावर.

पेशी मरतात त्या काचेच्या बशीत. समजा, तिथे मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम अर्क लागला. शरीरात रक्त पाच लिटर धरले, तर नुसत्या रक्तातच एक ग्रॅम अर्क सतत फिरता हवा. कॉर्डिसेप्स या बुरशीतल्या कॉर्डिसेपिनसारखे द्रव्य तर रक्तातली विकरे काही मिनिटांतच निकामी करतात. कॉक्रेन ही संस्था उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या रेशीवरच्या २०१६च्या आढाव्यात जेमतेम पाच चाचण्या निकषांत बसल्या; मुख्य उपचार म्हणून रेशी द्यावी एवढा पुरावा त्यांत सापडला नाही.

शिवाय कॅप्सूलमध्ये आहे काय? लेबलावरच्या ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ यात (पॉलिसॅकराइड म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्या) बीटा-ग्लुकनसोबत स्टार्चही मोजला जातो. धान्यावर वाढवलेले कवकजाल (आळंबीचे मुळांसारखे तंतू) धान्यासकट दळले, की हा आकडा आपोआप फुगतो. चिमूटभर भुकटी पाण्यात उकळा, पूर्ण गार करा, पाणी घालून फिकट करा आणि आयोडीनचा थेंब टाका. निळेकाळे झाले तर त्यात स्टार्च आहे. (गरम पाण्यात हा रंग उमटत नाही, बरेच जण इथेच फसतात.) बीटा-ग्लुकनचा आकडा वेगळा छापलेला हवा. रेशीतली ट्रायटर्पिन नावाची कडू द्रव्ये पाण्यात फारशी उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागते. म्हणजे नुसत्या पाण्याच्या अर्कात ती नाममात्रच.

खरी काळजी रक्तस्रावाची. केमोथेरपीने प्लेटलेट घटतात आणि रेशी उरलेल्यांच्या चिकटण्यात अडथळा आणू शकते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो. रेशीच्या भुकटीने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. कॅप्सूल आधीच सुरू केली असेल तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर तारखेच्या निदान दोन आठवडे आधी ती बंद हवी.

जेवणात शिताके चालेल, पण पूर्ण शिजवून. अर्धवट शिजलेल्या शिताकेने एक-दोन दिवसांत अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठू शकतात आणि पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची आळंबी तशीही वर्ज्यच.